पंधरा चौकोन : सुट्टीतल्या शिबिराच्या प्रकल्प नोंदी

28 एप्रिल 2024, रविवार

आज पहिली बैठक झाली. शिबिरासाठी अकरा घरं तयार आहेत. 20 मेपासून पाच दिवस, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. कोथरूडमधल्या एका शाळेचा तळमजला आणि मागचं मैदान मिळेल असं दिसतंय. मुलं चाळीसच्या आसपास, पहिली ते सातवी. दर तासिकेला काय करायचं ते मुलानेच ठरवायचं, एवढी एकच गोष्ट सगळ्यांनी एकमुखाने मान्य केली. निवडीची व्यवस्था माझ्याकडे आली, कारण ऑफिसात माझं कामच माणसांच्या पाळ्या लावण्याचं आहे.

घरी येऊन आधी लेकीचाच आठवडा मांडायला बसले. रोज तीन तासिका, पाच दिवस, म्हणजे पंधरा चौकोन. रोज एक हाताचं काम, एक धावपळीचं, एक शांत बसून करायचं, असं तीन रंगांत भरलं. लेक नऊ वर्षांची आहे, चौथी संपली. तिने कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे माझं आहे का तुझं?"

"तुझं."

"मग तू का भरलंस?"

दुसऱ्या कागदावर नुसत्या रेघा आखून तिच्या हातात दिला. माझा कागद या वहीत चिकटवून ठेवते आहे. आठवडा संपल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघायचे आहेत. शिबिर सगळ्या मुलांचं आहे, पण चाळीस मुलांच्या गर्दीत व्यवस्था कुठे अडते ते दिसत नाही, एका मुलामागे चाललं की दिसतं. म्हणून या वहीत दोन्ही लिहीन.

4 मे, शनिवार

सामान खरेदी. सुतारकाका बरोबर होते (बैठकीतल्या एका आजोबांचे जुने मित्र, सगळं आयुष्य फर्निचर करण्यात गेलं, आता काम थांबवलंय). भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. एका दुकानात सागाचे तुकडे जवळजवळ फुकट मिळत होते. मी घ्यायला निघाले, काका नको म्हणाले. साग मुलांना झेपत नाही, खिळा वाकतो, करवत अडते आणि मूल दहा मिनिटांत हातोडी टाकून देतं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनचं लाकूड घेतलं. मऊ आहे, हलकं आहे, आणि कापताना वास छान येतो. प्रत्येक फळी उलटीपालटी करून जुना खिळा राहिला नाही ना ते काकांनी हात फिरवून पाहिलं.

बोहरी आळीतून सहा हलक्या हातोड्या, चार लहान करवती, सहा क्लॅम्प, एक आणि दीड इंची खिळे, 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर, काटकोन तपासायला दोन गुण्या. क्लॅम्प सहा का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "लाकूड धरायला माणूस ठेवलात तर करवत त्याच्या बोटावर जाते. लाकूड लोखंडाने धरायचं, माणसाने बघायचं." सहा क्लॅम्प म्हणजे सहा मुलं. सुतारकामाच्या जागा तिथेच ठरल्या.

सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) आणली, आठ मीटर. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचा खेळ अरविंद गुप्तांनी 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शोधला. पुढे आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी पुण्यातल्या मुलांकडून करून घेतली. खर्च जवळजवळ शून्य, आणि पहिल्या पाच मिनिटांत मुलाच्या हातात काहीतरी उभं राहतं.

रात्री जागांचं गणित मांडलं. मुलं 42 नक्की झाली आहेत. सुतारकाम 6, माती 8, शिवण 6, काड्या-नळ्या 8, मैदान 12, वाचन 8. बेरीज 48. दुसऱ्या तासिकेला स्वयंपाक 6, तेव्हा 54. बेरीज 42 येऊन चालत नाही. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत 41 जागा गेलेल्या असतात. जागा 42 च असतील तर त्याला उरलेलं घ्यावं लागतं, त्याला निवड म्हणता येत नाही. 48 मध्ये त्याच्यापुढे सात जागा असतात. त्या सात एकाच ठिकाणच्या असू शकतात हे खरं, तरी बेरीज फुगलेली ठेवण्याला दुसरा उपाय नाही.

आणि आठवी जागा, चिंचेखालची. तिथे काहीच करायचं नाही. तिला मर्यादा नाही. यावर बैठकीत अर्धा तास गेला होता.

11 मे, शनिवार

पालकांची सभा. अपेक्षेपेक्षा कठीण गेली.

एका बाबांचं म्हणणं, "माझा मुलगा पाचही दिवस क्रिकेटच खेळेल. ते तो खाली सोसायटीत खेळतोच, मग बाराशे रुपये कशाला?" एका आईला रोज अर्धा तास सुंदर हस्ताक्षर हवं होतं. एकीने हळूच विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, "माझी मुलगी काहीच निवडत नाही. हॉटेलातही 'तू सांग' म्हणते. तिचं काय?"

याचं उत्तर माझ्या सासूबाईंनी दिलं. त्या एकतीस वर्षं बालवाडीत शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, आठ गोष्टींतून निवड म्हटलं की मोठी माणसंही गांगरतात, लहान मुलाला दोनच दाखवा. माती की शिवण? एवढंच विचारा आणि गप्प बसा, त्याच्या तोंडाकडे बघत राहू नका. सामान मुलाच्या हाताला लागेल इतकं खाली ठेवा. घेतलेली वस्तू जिथली तिथे ठेवायची, एवढी एक शिस्त कडक. बाकी सोडून द्या.

मग ताराबाई मोडकांविषयी बोलल्या. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली, कुरणशाळा. "मूल कुठे आहे ते आधी बघायचं आणि आपण तिथे जायचं," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा मुलगा क्रिकेटमध्ये असेल तर आम्ही क्रिकेटमध्ये जाऊ. धावफलक कोण लिहिणार? खेळपट्टी कोण मोजणार? ते त्यालाच करू दे."

ते बाबा काही बोलले नाहीत, पण पैसे भरून गेले. हस्ताक्षराला मी नाही म्हटलं. त्या आईने मुलाचं नाव काढून घेतलं. त्याच्या जागी प्रतीक्षा यादीतला एक आला. मला त्याचं वाईट वाटलं. ते मूल आलं असतं तर बरं झालं असतं.

13 मे, सोमवार

मतदान. शाळेत आज मतदान केंद्र आहे, त्यामुळे बुधवारपर्यंत खोल्या मिळणार नाहीत. मत देऊन येताना व्हरांड्याची लांबी पावलांनी मोजून घेतली, 34 पावलं. फळा तिथेच लावायचा.

17 मे, शुक्रवार

फळा तयार झाला. तीन फुटी प्लायवर आठ पट्टे, प्रत्येकाच्या डोक्याशी चित्र, कारण पहिलीतली काही मुलं अजून अडखळत वाचतात. प्रत्येक मुलाचा कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा, त्यावर नाव आणि त्याने स्वतः काढलेली खूण. पट्ट्याच्या कडेला जेवढ्या जागा तेवढ्याच खुणा आखल्या आहेत. सुतारकामाला सहा. सातवा चिमटा लावायला खूणच नाही, त्यामुळे "जागा संपली" असं कुणी सांगावं लागणार नाही.

फळ्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. ठरलेल्या वर्गांच्या शिबिरात मूल कुठे आहे हे वेळापत्रकच सांगतं. इथे 42 मुलांच्या दिवसाला तीन हालचाली, आणि पहिल्या दहा मिनिटांत मन बदललं तर एकदा बदलायची मुभा. आत्ता कोण कुठे आहे हे फक्त फळा सांगणार.

लेकीने तिचे पंधरा चौकोन पेन्सिलीने भरले. पाच सुतारकाम, दोन माती, दोन मैदान, एक शिवण, एक स्वयंपाक, एक वाचन. तीन रिकामे. मला वाटलं भरायचे राहिलेत. ती म्हणाली, "नाही, ते चिंचेखालचे." पाच वेळा सुतारकाम कशाला, तर आजीला पायाखाली घ्यायला स्टूल करायचं आहे. सोफ्यावर बसल्यावर आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, मग पायाला सूज येते. सासूबाई या सोफ्यावर सहा वर्षं बसताहेत आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं. तिने पट्टीने मोजलंय, टाचेखाली 17 सेंटीमीटर.

काड्या-नळ्या तिच्या कागदावर एकदाही नाही. "ते बारक्यांचं आहे."

19 मे, रविवार

संध्याकाळी मुलांना घेऊन नुसती फेरी. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबायचं, हात लावून बघायचं, निघायचं. नाव ऐकून निवडण्यापेक्षा वस्तू हातात धरून निवडणं फार वेगळं आहे. 'शिवण' शब्दाला मुलगे हसत होते. शिवणमावशींनी कुशनचा कापूस काढून दाखवला, बटण लावून दाखवलं, आणि दोन मुलगे तिथून हलेनात.

20 मे, सोमवार. पहिला दिवस

उपस्थिती 42. चिंचेखाली पाण्याचे तीन माठ. दुपारी साडेअकरा ते साडेतीन मैदान बंद, त्या वेळेत मैदानाच्या 12 जागा हॉलमध्ये: कॅरम, सागरगोटे, सापशिडी.

निवड आज अशी केली. प्रत्येकाने तीन पसंती लिहून द्यायच्या. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या भरायच्या, जिथे गर्दी तिथे चिठ्ठ्या. उरलेल्यांची दुसरी पसंती, मग तिसरी. वाचायला न्याय्य वाटतं. सकाळी सुतारकामाला 19 पहिल्या पसंत्या आल्या. सहा जण गेले, तेरा मागे राहिले. त्या तेरांपैकी बहुतेकांची दुसरी पसंती माती होती. पण मातीच्या आठही जागा, ज्यांची ती पहिली पसंती होती त्यांनी आधीच भरल्या होत्या. लेक त्या तेरांत. माती भरलेली, शिवण भरलेली. ती वाचनाला गेली. रडली नाही, पण चिमटा लावताना माझ्याकडे बघितलं नाही.

खरं बिघडलं ते तिसऱ्या तासिकेला. एक सातवीतला मुलगा धाकट्या भावाला समजावत होता, "सुतारकाम पहिलं लिहू नकोस, मिळणार नाही, आणि मग मातीपण जाईल. माती पहिली लिही." त्याचं बरोबर होतं. माझ्या पद्धतीत खरी आवड लिहिणाऱ्याचा तोटा होत होता, आणि एका दिवसात मुलांना ते कळलं. जे शिबिर मुलांना 'तुला काय हवं ते सांग' म्हणतं, तिथे खरं सांगणं महाग पडायला लागलं तर पुढच्या पानांत काही अर्थ नाही.

रात्री पद्धत बदलली. पसंत्यांची यादी बंद. मुलं पाळीने फळ्यापाशी येतील आणि उरलेल्या जागांतून हवी ती घेतील. तेवढंच. आपली पाळी आली की समोर जे आहे त्यातलं सर्वांत आवडतं घ्यायचं, त्यात डाव खेळायला जागाच नाही. पाळी कुणाची आधी, हा प्रश्न उरतो. 42 चे 14 चे तीन गट केले: आंबा, फणस, जांभूळ. पहिल्या तासिकेला आंबा आधी, दुसऱ्याला फणस, तिसऱ्याला जांभूळ. गटाच्या आत चिठ्ठ्या, रोज नव्या. म्हणजे दिवसातून एकदा प्रत्येकाचा गट पहिला येतो. चिठ्ठ्या मी काढणार नाही, माझी मुलगी जांभळात आहे.

21 मे, मंगळवार

निवडीला सकाळी 24 मिनिटं लागली. फार झाली, पोरं कंटाळली. पण डाव थांबला. मुलं फळ्याकडे बघून खरंच विचार करताना दिसली. 'तू सांग' म्हणणारी मुलगी पाळी आल्यावर उभीच राहिली. शिवणमावशींनी सासूबाईंचं वाक्य वापरलं, "माती की शिवण?" आणि त्या दोरा ओवायला लागल्या. साधारण मिनिटभराने चिमटा मातीवर लागला.

बारावीचा निकाल दुपारी एकला लागला. आपल्या स्वयंसेवकांतली एक ताई बारावीची. विसाव्याच्या वेळी मुलं सतरंज्यांवर आडवी होती आणि ती व्हरांड्यात फोन धरून उभी होती. पास झाली, पण हवे होते तेवढे गुण नाहीत. मी घरी जा म्हटलं. तोंड धुऊन आली आणि पुढची तासिका घेतली.

लेकीला तिसऱ्या तासिकेला सुतारकाम मिळालं, गट आधी होता आणि चिठ्ठी चौथी निघाली. त्याआधी दुसऱ्या तासिकेला ती चिंचेखाली होती. तासभर आडवी पडून वर बघत होती. मी दोनदा तिच्याकडे जायला निघाले आणि परत फिरले. बाकीची मुलं ठोकत होती, मळत होती, आणि माझं मूल तेवढं पडून होतं, ते बघवत नव्हतं. रात्री जेवताना तिने आपणहून सांगितलं, चिंचेच्या मागच्या वडावर तांबट बसला होता, त्याची टुकटुक ती मोजत होती. एका दमात जास्तीत जास्त 43.

22 मे, बुधवार

आजची नोंद सविस्तर ठेवायला हवी.

दुसरी तासिका संपताना मोजणी 41. फळ्यावर सगळे चिमटे जागेवर होते. कमी होता तो दुसरीतला मुलगा, त्याचा चिमटा वाचनावर. वाचनाचे आजोबा म्हणाले, आला होता, पुस्तकं चाळली, मग कुठे गेला ते लक्षात नाही. शिपाईमामा फाटकापाशीच होते, कुणी बाहेर गेलं नव्हतं. तिघांनी स्वच्छतागृहं, दोघांनी मैदान, मी वरचा जिना. हौदाचं झाकण आपण पहिल्या दिवशीच कुलूपबंद केलंय हे माहीत असूनही मी आधी तिथे धावले. अकरा मिनिटांनी तो हॉलमध्ये सापडला, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांमागे, गाढ झोपलेला.

त्याला कुणी रागावलं नाही. त्याला झोप आली होती, तो झोपला. चूक आमच्या व्यवस्थेची. पहिल्या दहा मिनिटांनंतर बदल करता येत नाही असा आमचा नियम होता, त्यामुळे मध्येच दमलेल्या मुलाने काय करायचं याला आमच्याकडे उत्तरच नव्हतं. त्याने स्वतःचं उत्तर काढलं आणि चिमटा जुन्याच जागी राहिला. संध्याकाळी त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, अकरा मिनिटं हा आकडासुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, उद्या सुट्टी आहे, परवा पाठवते.

आजपासून चिंचेखाली केव्हाही जाता येईल, कुठल्याही मिनिटाला. तिथे कायम एक मोठं माणूस बसेल. दुसरं, 'चिमटा आधी, पाय मग': जागा सोडण्याआधी फळ्यावर चिमटा हलवायचा, आणि त्या जागेच्या ताई-काकांना 'निघालो' सांगायचं. तिसरं, दर अर्ध्या तासाला प्रत्येक ठिकाणच्या मोठ्या माणसाने आपल्यासमोरची डोकी मोजून फळ्याशी ताडून पाहायची. हे सोमवारपासूनच हवं होतं.

संध्याकाळच्या बैठकीत सुतारकाकांनी वेगळाच प्रश्न काढला. अर्धी कामं भिंतीशी पडली आहेत. मंगळवारी सुरू केलेल्या मुलांना आज जागा मिळाली नाही. "काम अर्धं टाकायची सवय नको लागायला," काका म्हणाले. त्यांना सहापैकी दोन जागा 'चालू काम' म्हणून राखून हव्या होत्या. दुसरी बाजूही खरी आहे: ज्यांनी हातोडी अजून एकदाही धरली नाही त्यांच्या वाट्याच्या जागा घटतात. माझ्या लेकीचं स्टूल त्या अर्ध्या कामांत आहे, म्हणून मी चर्चेतून उठून माठ भरायला गेले. परत आल्यावर कळलं, ठरलं: दोन जागा राखीव, पण सकाळी आणि दुपारीच. मधली तासिका नव्या मुलांसाठी, आणि त्यात एकदाही न गेलेल्यांना आधी.

लेकीला आज सुतारकाम नाही. पहिल्या तासिकेला चिठ्ठी अगदी मागची निघाली, पाळी येईपर्यंत फळ्यावर चिंच सोडून वाचन आणि काड्या-नळ्या एवढंच उरलं होतं. वाचन सोमवारी झालं होतं. नाराजीने काड्यांकडे गेली. दुपारी मुद्दाम परत तिथेच गेली, का ते विचारलं नाही.

23 मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमेची सुट्टी, शाळा बंद. आपला पाचवा दिवस शनिवारी.

दीर आले होते, त्यांना सोमवारची फजिती सांगितली. ते अर्थशास्त्र शिकवतात. म्हणाले, अमेरिकेत बॉस्टन शहराने सरकारी शाळांचे प्रवेश नेमके याच पद्धतीने दिले, आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या, मग दुसऱ्या. ज्या पालकांना आतली गोम माहीत होती त्यांनी विचार करून खोटी पसंती लिहिली, आणि ज्यांनी भाबडेपणाने खरं लिहिलं त्यांची मुलं मागे राहिली. 2005 मध्ये शहराने पद्धत बदलली. नवी पद्धत गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 1962 मध्ये मांडलेल्या युक्तीवर उभी होती. शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल या प्रकारच्या कामासाठी मिळालं. मला त्या सातवीतल्या मुलाची आठवण झाली. शहरातल्या पालकांना जे उमगलं ते त्याने दोन तासिकांत ओळखलं होतं, आणि ते भावाच्या भल्यासाठी वापरत होता.

24 मे, शुक्रवार

निवड 13 मिनिटांत. दुपारच्या तासिकेची निवड डबा खाऊन झाल्यावर लगेच केली, म्हणजे रांग लागलीच नाही. दुसरीतला तो मुलगा आला. आल्याआल्या त्याने मला फळ्यापाशी नेऊन चिमटा हलवून दाखवला.

मधल्या तासिकेला दडपे पोहे. खोबरं, कांदा, काकडी मुलांनी, फोडणी मोठ्यांनी. मीठ दोनदा पडलं, सगळ्यांनी खाल्ले.

लेकीला चालू कामाची जागा मिळाली, सकाळी आणि दुपारी. स्टूलची फळी आणि चार पाय ठोकून झाले होते, पण हात लावला की सगळं एका बाजूला कलत होतं. तिने पायांत आणखी खिळे मारले. तरी कलतंच. काका बाजूला उभे होते, बोलले नाहीत. मग ती करवत ठेवून उठली, 'निघाले' म्हणाली, चिमटा हलवला आणि काड्या-नळ्यांकडे गेली. पाच मिनिटांत परत आली, हातात काड्यांचा एक चौकोन. तो दाबला की चेपत होता. त्यात तिरकी काडी घातली होती, आणि आता चेपत नव्हता. "काका, इथे अशी पट्टी लावायची." दोन पायांमध्ये तिरकी पट्टी. काकांनी पट्टी कापायला कोन कसा घ्यायचा तेवढं दाखवलं: पट्टी जागेवर धरायची आणि पायाच्या कडेने पेन्सिल ओढायची, मोजायची गरज नाही.

मी खिडकीतून बघत होते. ती मागे वळली नाही.

25 मे, शनिवार. शेवटचा दिवस

प्रदर्शन ठेवायचं नाही हे आधीच ठरलं होतं. ठेवलं असतं तर शुक्रवारपासून सगळी मुलं दाखवण्यासाठी करू लागली असती, आणि चिंचेखालच्या मुलाने काय मांडायचं?

स्टूल आता कलत नाही, पण डुगडुगतं. चारही पाय सारखे नाहीत. लेकीने लांब वाटलेला पाय थोडा कापला. मग दुसरा लांब झाला. तोही कापला. 17 चं स्टूल 16 वर आल्यावर काकांनी करवतीवर हात ठेवला. मग स्टूल सपाट फरशीवर ठेवलं, आखूड पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून फळी समतल केली. एका लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरली आणि तो ठोकळा फरशीवरून घासत चारही पायांभोवती फिरवला. चार पायांवर एकाच उंचीची रेघ उमटली. "आता रेघेवर काप. पायाकडे बघू नकोस, रेघेकडे बघ." चारही पाय कापून झाले तेव्हा उंची 15 भरली. तिने वरच्या फळीवर आणखी एक फळी ठोकली. पॉलिश पेपर मारायला वेळ राहिला नाही, कारण साडेतीनला वळीव आला. मैदानावरची पोरं आत येईनात, आणि दहा मिनिटांनी आम्हीच त्यांना आणायचं सोडून दिलं. विजा नव्हत्या. चिमटे मात्र सगळे एका पट्ट्यावर गेले होते, मैदानावर, बाराच्या खुणांच्या बाहेर फळ्याच्या कडेला एकावर एक लटकलेले.

क्रिकेटवाला मुलगा पंधरापैकी अकरा तासिका मैदानावर होता. उरलेल्या चार शिवणाला. चेंडूचा उसवलेला दोरा शिवायला गेला आणि राहिला.

28 मे, मंगळवार

हिशेब पूर्ण, शाळेच्या किल्ल्या परत. 4,380 रुपये उरले, ते हातोड्या आणि क्लॅम्पबरोबर पुढच्या वर्षासाठी ठेवायचे.

सुतारकामाच्या पाच दिवसांत 90 जागा झाल्या. सहा मुलं एकदाही तिथे गेली नाहीत, त्यांतल्या दोघांना जायचं होतं. 'एकदाही न गेलेले आधी' हा नियम बुधवारी आला, सोमवारी असता तर ती दोघं राहिली नसती. दुसरं सुतारमाणूस मिळालं तर जागा बारा करता येतील, पण क्लॅम्प आधी. चिंचेखाली रोज सरासरी सात-आठ मुलं असायची, बुधवारनंतर दुपारी जास्त. मोठ्या मुलांना तासिका लांब हव्या आहेत, पहिली-दुसरीला आखूड. दोघांचे फळे वेगळे करून पाहावे का, हे पुढच्या बैठकीत घ्यायचं.

लेकीचे दोन्ही कागद आणि झालेला आठवडा शेजारी ठेवला. माझ्या कागदात सुतारकाम एकदा होतं, तिच्यात पाचदा, झालं चारदा. काड्या-नळ्या माझ्याकडे दोनदा, तिच्याकडे शून्य, झालं दोनदा, आणि शुक्रवारी ती पाच मिनिटं. चिंच माझ्याकडे नाही. तिच्याकडे तीन, झाली दोनदा. तिला दाखवलं तर तिने नीट बघितलंही नाही. मागची कोरी बाजू मागितली, तिथे आता कशाचं तरी माप काढते आहे.

चिमटे मोजून डब्यात भरले, चाळीस. दोन मुलांनी आपले घरी नेले असणार.

स्टूल सोफ्यापुढे आहे. सासूबाईंचे पाय टेकतात. मागच्या बाजूचा उजवा पाय कागदाच्या एका घडीएवढा आखूड आहे, तिने खाली घडी घालून ठेवली आहे.